सहावी गोळी

बायको गेल्यावर माझा कोणावरच विश्वास राह्यला नव्हता. डॉक्टरनं खरं सांगितलं नाई असं वाटे, आणि देवानं तं मुळीच नाई. तिनं जन्मभर महादेवाचे सोमवार धरले, अन् शेवटी तिले पाणीसुद्धा गिळता येईना. मी शिकलेला माणूस नाई. चौथीतून सुटलो आणि लाकडाच्या ठेकेदाराची जीप चालवत म्हातारा झालो. देवाशी भांडायचं कसं हे मले येत नव्हतं, म्हणून मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

तिचं मागणं एकच होतं, अस्थी भामरागडच्या संगमावर सोडायच्या. माहेर तिकडचं. पाणी चढलं की ती वाट बंद होते, मग चार महिने कोणी जात नाई. आभाळ भरून येत होतं, तरी ठेकेदाराची जुनी मिलिटरी जीप मागून घेतली आणि लाल फडक्यातली गठडी शेजारच्या सीटवर ठेवून निघालो.

वळणावळणाले समोरच्या चाकातून कटकट आवाज येऊन राह्यला होता. संगमाच्या अलीकडे एका नाल्याशी काहीतरी तुटलं आणि समोरची चाकं ओढेनाशी झाली. पुढं रेती. तिथं चारही चाकांनी जोर लावल्याशिवाय गाडी निघत नाई. मले रडू आलं नाई, राग आला.

तेवढ्यात सायकलवर एक मिस्त्री आला. औजारांची पिशवी कॅरिअरले बांधलेली. न विचारता चाकाखाली वाकला.

"बाबा, समोरचा एक्सल गेला. खोलू?"

"तुले कोणी बोलावलं?"

"गाडीनं," तो म्हणाला.

जॅक लावायच्या आधी त्यानं सीटवरची गठडी उचलली. मी खेकसलो, हात नको लावू म्हणून. "गाडी तिरपी झाली की पडंल, बाबा," म्हणत त्यानं ती मोहाच्या फांदीले बांधली. आमच्यात पाण्यात सोडेपर्यंत अस्थी झाडालेच टांगतात, आणि मीच घाईत विसरलो होतो. त्याले हे कोण सांगणार? तरी संशय काही गेला नाई. माणूस चलाख आहे, एवढंच मनात आलं.

त्यानं चाक काढलं, शाफ्ट ओढून बाहेर घेतला. सांध्याची वाटी फुटली होती, पण आतल्या सहा पोलादी गोळ्या चांगल्या होत्या. जवळच्या लाकूड डेपोत एका भंगार जीपचा शाफ्ट पडला होता, फक्त त्यात गोळ्या नव्हत्या. माझ्या गाडीच्याच गोळ्या त्यात बसवतो म्हणाला. माप पाह्याले फुटका शाफ्ट आणि चिंधीत गोळ्या घेऊन तो निघाला. मले वाटलं, हा काही परत येत नाई. म्हणून चिंधी बॉनेटवर ठेवून तो सायकल वळवत होता तेव्हा चिंधीतली एक गोळी मी हळूच काढून मुठीत ठेवली. पाचनं भागत नाई, आता येईल झक मारत.

तो आला, घामाघूम, खांद्यावर शाफ्ट घेऊन. गोळ्या मोजल्या तं पाच. कितीतरी वेळ तो गुडघ्यावर रेती चाळत होता. मग आल्या वाटेनं पायी शोधत गेला आणि मान खाली घालून परतला.

"चूक माझी, बाबा. बांधताना नीट पाह्यलं नाई. तुमचं काम अडवलं मी."

नाल्याचं पाणी गढूळ व्हायले लागलं होतं. फांदीवर तिची गठडी हलत होती. तिची वाट कोणी अडवली होती, हे मले तेव्हा कळलं. मी मूठ उघडली.

त्यानं गोळीकडं पाह्यलं, मग माझ्याकडं. "हे आधी सांगायचं नं बाबा, माझे गुडघे तं शाबूत राह्यले असते," म्हणाला, आणि कामाले लागला.

मी गठडी फांदीवरून सोडली, तो सायकल मागं टाकून सोबत बसला, आणि गाडी पाण्यातून पार झाली. पलीकडं उतरताना त्यानं विचारलं, गठडीत काय आहे. मी सांगितलं. तो आपल्या ग्रीसनं काळ्या हातांकडं पाहत राह्यला. "सांगितलं असतं तं हात धुऊन उचलली असती," एवढंच बोलला. नाव विचारायचं मले सुचलं नाई.

संगमावर अस्थी सोडताना हात उघडेना. बोटं आवळलेलीच. तेव्हा ती गोळी आठवली, आणि उघडली बोटं.

त्या मिस्त्रीले महादेवानं पाठवलं का, मी सांगू शकत नाई. पण त्या दिवसापासून मी देवाशी पुन्हा बोलतो. मागत नाई काही. दोन्ही हात उघडे ठेवून बसतो.