दारापर्यंत गाडी

आमच्या घरात जेवतानासुद्धा इंजिनाबद्दल बोलणं चालायचं, पण अक्काच्या पहिल्या मुलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला पाथर्डीकडच्या डोंगरावरच्या एका गावात दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे केडगावला, आमच्याकडं व्हायचं होतं. सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं. तेवढ्यात उसाचा हंगाम सुरू झाला आणि आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, उसाचे ट्रक दुरुस्त करायला श्रीगोंद्याकडं गेले ते तिकडंच अडकले. आठव्यात बाईला हलवत नाहीत. नववा लागला, आज जाऊ, उद्या जाऊ म्हणेपर्यंत तिला कळा सुरू झाल्या.

निरोप आला तसे दादा पिकअप घेऊन निघाले. गाडी डोंगराच्या पायथ्याशी जाऊन थांबली, कारण पुढची वाट फार तर घोड्याची. दादांनी वर सांगावा धाडला, 'तिला खाली आणा, मी गाडी चालू ठेवून उभा आहे.' चौघांनी अक्काला बाजेवर घालून उतरवलं. दगडाधोंड्यांतून बाज उतरवायची म्हणजे चेष्टा नाही, त्यात सगळा दिवस गेला. दवाखान्यात पोचले तेव्हा मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता.

अक्का महिनाभर आमच्याकडं राहिली आणि सासरी गेली. नंतर ती सणालासुद्धा आली नाही. आई रडली नाही, मीही रडले नाही. मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. भाकऱ्या थापायच्या, पाणी भरायचं, दादांचा डबा गॅरेजवर पोचवायचा, एवढंच. कुणी चिमटा काढला असता तरी मी थोड्या वेळानं 'आई गं' म्हटलं असतं, इतकी बधिर झाले होते. लोकांना वाटायचं, पोरगी समंजस झाली. समंजस कुठली डोंबलाची!

पुढं दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन घसे धरले, आणि अक्काला पुन्हा दिवस गेले. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, नगरला आले होते ते गॅरेजवर येऊन सांगून गेले. मी डबा घेऊन तिथंच उभी होते. दाजी खाली बघत म्हणाले, "ती म्हनती, माहेरचं मानूस माज्या दारात आलं तरच येईन. बाजंवर मी पुन्हा बसायची न्हाई."

दादांनी हातातला पाना खाली ठेवला. "दारात गाडी आनतो म्हनावं," ते म्हणाले.

आमच्या घरात दारात माणूस येणं म्हणजे गाडी येणं. दुसरं काही असू शकतं हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

ती पिकअप माझ्याहून वयानं मोठी होती. लढाईच्या काळातली, लष्कराच्या लिलावात घेतलेली. मुळात ती चारही चाकांनी ओढायची म्हणे, पण आधीच्या मालकानं तिच्या पुढच्या चाकांची यंत्रणा काढून विकली होती आणि आता नुसती मागची चाकं ओढायची. चढ आला की पुढून हलकी व्हायची आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरायची. दादांनी ती गॅरेजच्या मधोमध घेतली, चार लाकडी ओंडक्यांवर चढवली आणि चाकं काढली. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "पुढल्या महिन्यात या."

दादांच्या जोडीला एक म्हातारे मिस्त्री होते. पूर्वी त्यांनी लष्करात गाड्या चालवल्या होत्या. दोघं दिवसभर गाडीखाली. बाहेरून नुसते चार पाय दिसायचे आणि मधूनच "धर, धर, सोड" एवढं ऐकू यायचं. धुरा, म्हणजे चाकांचा आस, आणि कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, यांच्या मधे सागवानी ठोकळे घालून त्यांनी गाडी हातभर उचलली. इंजिनाचं चेंबर दगडावर आपटून फुटू नये म्हणून खाली जाड पत्रा ठोकला. सायलेन्सर खालून काढून वर केबिनच्या कडेनं नेला. खोल खाचांचे लष्करी टायर आणले. ते मूळच्या जागेत मावेनात, तर मडगार्डचे पत्रेच कापून टाकले.

मी म्हटलं, "आता शिडी पण करा, म्हंजे आमाला चढता यील."

मिस्त्री हसले. दादा म्हणाले, "डबा ठेव आन् जा."

आई मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या मागं लागायची. "सातवा सरत आला. गाडीचं काय ते मागून करा, आधी पोरीला आना."

"पुढचा धुरा यायचाय," दादा म्हणायचे.

"धुरा गेला खड्ड्यात!"

"त्याच्याबिगर चढायची न्हाई ती."

आई ताट आपटायची आणि तेवढ्यावर भांडण मिटायचं. आमची भांडणंसुद्धा त्या वर्षी अशीच अर्धी व्हायची. पुढचा धुरा कुठल्याशा भंगारात पडलेल्या लष्करी गाडीचा मिळाला, तोवर अक्काला आठवा लागला होता. म्हणजे पुन्हा थांबणं आलं. दादांनी त्या महिन्यात आणखी एक काम काढलं. एवढी मेहनत केली आणि वाटेत पाटा तुटला तर, म्हणून त्यांनी उसाच्या ट्रकचे दोन जाड पाटे कापून मागच्या कमानींत वाढवले. आमच्याकडची सगळी गॅरेजं हेच करतात. गाडी मजबूत करायची म्हणजे पाटा वाढवायचा.

केडगावच्या कोरड्या ओढ्यात गाडीची परीक्षा झाली. दुष्काळानं हातची कामं गेलेली, त्यामुळं बघायला निम्मं गाव. मिस्त्रींनी गाडी ओढ्यात घातली आणि समोरची दरड सरळ चढवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "आता झाडावर चढवा!" दादा वाकून धुऱ्याखाली बघत राहिले. मला आनंद वगैरे काही झाला नाही. चढली, एवढं मला कळलं.

नववा लागला तशी आईनं गोधड्या, गूळशेंगदाणे आणि पाण्याची कळशी गाडीत ठेवली आणि मला बरोबर घातलं. दादा गाडी चालवायला, मिस्त्री त्यांच्या शेजारी, आणि मी मागं हौद्यात, गोधड्यांवर. पाथर्डीपर्यंत डांबरी रस्त्यावरसुद्धा गाडी हादरे द्यायची, पण जुनी गाडी आहे म्हणून मी काही म्हटलं नाही. पायथ्याशी पोचलो. जिथं घोड्याची वाट होती तिथं आता दुष्काळी कामातून रस्ता फोडायला घेतला होता. रस्ता कसला, नुसता सुरुंगानं उडवलेला डोंगर. साधी गाडी तिथं पहिल्या वळणाच्या पुढं गेली नसती.

आमची गेली. दादांनी दांडी ओढून पुढची चाकंही कामाला जोडली आणि गाडी एकेक धोंडा चढायला लागली. मागं माझी काय गत झाली ते काय सांगू! दर धोंड्याला मी वीतभर वर उडायची आणि आपटायची. जीभ चावली गेली. कळशी कधीच लवंडून गेली. मी केबिनच्या पत्र्यावर थापा मारल्या तर मिस्त्री मागं वळून म्हणाले, "धरून बस, पोरी. रिकामी हाय ना गाडी!"

वर सपाटी लागली. तिथं बायकांची रांग खडी फोडत बसली होती. प्रत्येकीपुढं दगड, दगड उडू नये म्हणून त्याभोवती टायरचं कापलेलं कडं आणि हातात हातोडी. गाडी बघून सगळ्या हातोड्या थांबल्या. एकच चालू राहिली. ती अक्काची होती. नववा महिना, पोट मांड्यांवर टेकलेलं, आणि ती खडी फोडत होती. घरात दाणा नव्हता, तर करणार काय? सगळं घरच त्या कामावर होतं.

दादा उतरून तिच्यापुढं उभे राहिले. "गाडी आनली," ते म्हणाले.

"दिसतंय," अक्का म्हणाली.

मग दादा बोलायला लागले. दादांना इतकं बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पुढचा धुरा कसा मिळाला, ठोकळे सागवानीच का घातले, चेंबरखाली केवढा जाड पत्रा आहे, दोन पाटे कसे वाढवले. अक्का हातोडी मांडीवर ठेवून ऐकत होती. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. दादांचं सगळं सांगून झालं, सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"दादा," अक्का म्हणाली, "त्या वक्ताला गाडी चढत नव्हती. पन तुमाला तर चढता येत हुतं. तुमी चालत यायचं हुतं."

दादा वळून गाडीच्या चाकाकडं बघायला लागले.

"मी बाजंवर पडून सारखी विचारत हुते, माजे दादा कुठंयत. तर म्हनं, खाली गाडीपाशी हायती."

त्या वेळी मात्र मला काहीतरी झालं. मला दादांचा राग आला, इतका की त्यांच्याकडं बघवेना. आणि लगेच त्यांचे काळे, ऑइलनं फुटलेले हात दिसले आणि त्यांचीही दया आली. दोन्ही एकदमच, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना.

शेवटी अक्काची सासू उठली. "झालं ते झालं, बाय. पोटुशी मानसानं उन्हात भांडू ने. बस गाडीत." अक्काला दोघींनी वर चढवलं. दादांनी गाडी थोडी पुढं घेतली, तर पहिल्याच धोंड्याला अक्कानं पोट धरलं आणि किंचाळली, "थांबवा!" बायका धावल्या. एक म्हणाली, "गाडी हाय का बोकाड? आसल्या उड्या!"

मिस्त्री खाली उतरून मागच्या कमानींकडं बघत उभे राहिले. ट्रकच्या पाट्यांना ट्रकचं वजन लागतं. वजन नसेल तर ते लवत नाहीत, नुसते आपटतात. गाडी चढवायच्या नादात दोघांनी पुढचा-मागचा सगळा विचार केला होता, फक्त गाडीत काय बसणार आहे एवढाच केला नव्हता. "वजन पायजे," मिस्त्री म्हणाले. "निम्मा हौदा तरी भराय पायजे."

कुणी काही ठरवलं नाही. जवळच्या एका बाईनं आपल्यापुढची फोडलेली खडी घमेल्यात भरली आणि हौद्यात ओतली. मग दुसरीनं. मग रांगच लागली. मुकादम पळत आला, "अगं, अगं! मोजायची राहिलीय ती! मोजली न्हाई तर हजरी कशी लावू?"

"तूच फोड आन् तूच मोज," अक्काची सासू म्हणाली, आणि आपलं घमेलं ओतून मोकळी झाली. सकाळपासूनची खडी होती ती, सगळ्यांच्या हाताला फोड आलेले. मी पण भरू लागले. हौदा निम्मा भरला तशी गाडी मागून हळूहळू खाली बसली. खडीवर गोधड्या अंथरल्या आणि अक्काला निजवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

दादा स्टिअरिंगकडं गेले नाहीत. "मिस्त्री, तुमी घ्या," ते म्हणाले आणि गाडीच्या पुढं चालायला लागले.

अख्खा डोंगर ते गाडीपुढं चालत उतरले. मोठा धोंडा आला की दोन्ही हातांनी बाजूला ढकलायचे, लहान असला तर पायानं. वळणावर वळून उभे राहायचे, मिस्त्रींना हातानं दाखवायचे, पुन्हा चालायचे. गाडी त्यांच्या मागून पायी चालल्याच्या वेगानं येत होती आणि फारशी हादरत नव्हती. अक्का कुशीवर वळून हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या फटीतून बघत पडली होती. दादा तिला दिसत नव्हते.

"काय करत्यात?" तिनं विचारलं.

"चालत्यात," मी म्हटलं.

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"चालत्यात की! दुसरं काय करनार?" मी तिच्यावर खेकसले, आणि त्या खेकसण्यातच मला रडू फुटलं. अक्का माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिली. खरं तर मी तिला थोपटायचं होतं.

पायथ्याशी डांबरी रस्ता लागला. मिस्त्रींनी गाडी थांबवली आणि दादांसाठी स्टिअरिंगवरून सरकून बसले. दादांच्या पायांत वहाणा राहिल्या नव्हत्या, एका पायाच्या अंगठ्याचं नख निघालं होतं. ते दाराला हात घालणार तोच अक्कानं हाक मारली.

"दादा, मागं या. माज्यापाशी बसा."

आपल्या गाडीच्या हौद्यात दादा जन्मात बसले नव्हते. ते चढले, खडीवर अवघडून टेकले, आणि अक्काचा पाय हातात धरून केडगावपर्यंत तसेच बसून राहिले.

पुढं दिवस भरले आणि अक्काला मुलगी झाली, आमच्याच घरी, पहाटे सुईण आत असताना. पोरगी रडायला लागली ती थांबेचना. आई बाहेर आली, दादा ओट्यावरून उठून दाराशी आले, मी चूल सोडून आले. आम्ही तिघं दाराबाहेर उभे होतो, आत ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती, आणि तिला गप्प करा असं आमच्यातलं कुणीच म्हणेना.