टायमिंग चेन आणि आईचं कुंकू

आमच्या घरात देवीवर श्रद्धा होती ती आईची. माझा विश्वास पान्यावर आणि स्क्रूड्रायव्हरवर. अप्पांची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिच्या इंजिनाखाली लोळतच मी लहानाची मोठी झाले. दर दसऱ्याला अप्पा त्याच गाडीतून शहरातल्या बनशंकरी देवीच्या दर्शनाला जायचे. यंदा मात्र आजारपणामुळे आठ महिने त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. डॉक्टरांनी दसऱ्याला बाहेर न्यायची परवानगी दिली आणि नेमका त्याच आठवड्यात इंजिनातून खडखडाट सुरू झाला. टायमिंग चेन झिजून सैल पडली होती. भाड्याची गाडी बोलवू म्हटलं, तर अप्पा म्हणाले, "मग मी घरीच बरा." तो उतरलेला आवाज ऐकून मला गलबलून आलं.

मी रजा टाकली, रेडिएटर उतरवला, इंजिनाचं पुढचं झाकण काढलं. चेन ज्या दोन दातेरी चाकांवर फिरते त्यांच्यावर बारीक खुणा असतात. त्या समोरासमोर आणूनच नवी चेन चढवायची, नाहीतर झडपा पिस्टनवर आपटतात. खुणा चटकन दिसाव्यात म्हणून मी चाकं उतरवून त्यांच्यावर लाल खडूने ठिपके दिले. तेवढ्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. त्या दिवशी हत्यारं पुजायची, चालवायची नाहीत, हा आमच्याकडचा शिरस्ता. आईने माझे पाने, ती चाकं, नवी चेन, सगळं पाटावर मांडलं. मी वरवर हात जोडले आणि मनातून चरफडले. अख्खा दिवस फुकट!

दसऱ्याच्या सकाळी अप्पा टोपी घालून व्हरांड्यात तयार. मी घाईघाईने चाकं बसवून लाल ठिपके जुळवले, चेन चढवली आणि झाकण लावायला उचललं. शेजारच्या घरातल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत एक म्हातारे ऑटोवाले आमच्या फाटकाशी उभे होते. "अक्का, स्वल्प थांबा," ते कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. "झाकण मग. आधी हातानं दोन फेरे फिरवून बघा." मला रागच आला. हे मला शिकवणार? पण काय वाटलं कोण जाणे, मी पाना लावून इंजिन फिरवलं. अर्ध्या फेऱ्यातच ते टणकन अडलं. तशीच चावी फिरवली असती, तर झडपा वाकल्या असत्या आणि अप्पांचा दसरा तिथेच संपला असता.

नीट पाहिलं तर ठिपके खडूचे नव्हतेच, कुंकवाचे होते. "ते मळकट दिसत होतं गं, पुसून ताजं लावलं," आई निरागसपणे म्हणाली. मोठ्या चाकावर तिने आपल्या सोयीच्या दाताला कुंकू लावलं होतं! अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. कुंकू मी तसंच राहू दिलं, खऱ्या खुणा शोधल्या, चेन पुन्हा चढवली. दोन फेरे अलगद फिरले. तोवर ऑटोवाल्यांचं गिऱ्हाईक आलं. आईने दिलेला चुरमुऱ्यांचा प्रसाद खिशात भरून, ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत ते निघूनही गेले. नाव विचारायचं राहिलंच. देवीने त्यांना पाठवलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्यासारख्या तापट बाईला त्या क्षणी त्यांचं ऐकायची बुद्धी कुणी दिली?

दुपारी इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. बनशंकरीला अप्पा माझा हात धरून रांगेत उभे राहिले. देवीसमोर मला काही मागताच आलं नाही, डोळे भरून आले. आजवर सगळं माझ्या मनासारखं, माझ्या वेळेत व्हावं म्हणून मी धावत आले. आपण मन लावून काम करावं आणि पुढचं तिच्यावर सोपवावं, हे त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. अप्पा दमले असतील म्हणून परतताना मी सरळ घराच्या रस्त्याला लागले. ते म्हणाले, "इतक्यात घरी नको. राजाजीनगरवरून, लांबच्या रस्त्याने ने." ऊन होतं, गर्दी होती, त्यांच्या गोळीची वेळ झाली होती. मागच्या सीटवर आईने पर्समधून गोळी आणि पाण्याची बाटली काढली.

"सरी अप्पा," मी कानडीत होकार दिला आणि गाडी वळवली.