केंद्रातली दुसरी जागा

मागच्या वर्षी मार्चमध्ये चाळीसगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एका बाईचे पहिले बाळ जन्मताच दगावले. त्या वेळी केंद्रात डॉक्टर म्हणून माझी मुलगी एकटीच होती. ती इंटर्न होती. शेवटच्या परीक्षेनंतरच्या प्रशिक्षणातला खेड्याचा काळ तिथे पूर्ण करत होती.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. माझी आई घरात अहिराणीच बोलते, त्यामुळे मुलीलाही ती येते. केंद्रातल्या पहिल्याच आठवड्यात तिने एका म्हातारीला विचारले, "आजी, काय दुखी ऱ्हायनं?" म्हातारी बाकावरच्या बायकांकडे वळली. "अव माय, ही ते आमनामानीच निंघनी!"

आपल्यातलीच डॉक्टरीण म्हणून पुढे रांग मुलीच्याच टेबलासमोर लागू लागली. वैद्यकीय अधिकारी थट्टेने म्हणत, "मॅडम, मी आता रजाच टाकतो." तिथे डॉक्टरांच्या दोन जागा, त्यातली एक रिकामी. मुलीने फोनवर मला सांगितले, "पप्पा, इंटर्नशिपनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी मी हीच जागा मागणार." पत्रकार म्हणून रिक्त जागांच्या बातम्या मी अनेकदा केल्या होत्या.

त्याच म्हातारीची सून गरोदर होती. रक्तदाब वाढलेला, पायांवर सूज. बाळंतपण चाळीसगावच्या मोठ्या रुग्णालयातच करा, असे मुलीने बजावले होते. म्हातारीने मान डोलावली होती. कळा सुरू झाल्यावर रिक्षा चाळीसगावच्या रस्त्याला लागलीही. म्हातारीने ती फाट्यावरून केंद्राकडे वळवली.

अधिकारी त्या दिवशी शेजारच्या केंद्राच्या जादा कार्यभारावर होते. रुग्णवाहिका दुसरा रुग्ण घेऊन गेलेली.

"आजी, तुले चाळीसगावले जावानं सांगेल व्हतं ना?"

"तठे आमले कोन वळखस? आठे तू शे ना."

सुनेला झटके आले. अधिकारी फोनवरून सांगत गेले, नर्सने इंजेक्शन दिले, मुलीने बाळंतपण केले. बाळाने श्वास घेतला नाही. रुग्णवाहिका परतल्यावर सुनेला धुळ्याला हलवले. ती वाचली.

मुलीच्या शेवटच्या दिवशी म्हातारी केंद्रात आली. लेक सासरी निघताना भरतात तशी तिने मुलीची ओटी भरली; नारळ, तांदूळ, खण. "परत येजो माय," म्हणाली.

घरी आल्यावर नारळ देवापुढे ठेवून ती मला म्हणाली, "पप्पा, मी तिथे नसते तर ते सरळ चाळीसगावला गेले असते."

सक्तीच्या सेवेसाठी जागा निवडायची वेळ आली तेव्हा ते गाव यादीत होते. तिने नाशिकचे मोठे सरकारी रुग्णालय निवडले. माझ्या आईने कारण विचारले. ती म्हणाली, "तिथे अडलं तर विचारायला शेजारी सीनियर असतो."

"मंग आमनी बोली तुले कशाले शिकाडी?" आईने विचारले. मुलगी ताटावरून उठली.

गेल्या आठवड्यात म्हातारीचा मुलीला फोन आला. सून पुन्हा गरोदर आहे. मुलीने चाळीसगावलाच नाव नोंदवायला सांगितले; तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवते, असेही म्हणाली.

"तू जठे शे, तठेच आम्ही येतस," म्हातारी म्हणाली.

सोमवारी सासू-सून दोघी चाळीसगावहून रेल्वेने नाशिकला मुलीच्या रुग्णालयात पोहोचल्या. केंद्रातली दुसरी जागा अजून रिकामी आहे.