समुद्रातल्या म्हशी

‘मला माहीत नाही’ हे वाक्य आयुष्यात एकदाही न उच्चारलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहतो. आमच्या दीक्षितपुरा मोहल्ल्यात सगळे त्यांना काकाजी म्हणतात. तोफांच्या फॅक्टरीत सुटे भाग तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर तोफा उरल्या नाहीत, तेव्हा ते आम्हाला तपासू लागले. दाताच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसले असतानाही ते सल्ला देत होते, आणि एक अक्षर कळलं नसूनही डॉक्टर मान हलवत होते. एकदा मझौलीला निघालेल्या वऱ्हाडाच्या बसने नाक्यावर त्यांना रस्ता विचारला. काकाजींनी मझौली कधी पाहिली नव्हती, पण विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मझौली उत्तरेला, बस पोचली दक्षिणेला, तिलवाऱ्याच्या पुलावर. “मग काय बिघडलं? नवरदेवाला नर्मदामाईचं दर्शन तर झालं,” असं ते मला नंतर समजावून सांगत होते. स्वतः जन्मभर सायकल चालवली, पण माझ्या गाडीत शेजारी बसले की गिअर माझ्या हातात आणि अक्कल त्यांच्याकडे. “भैया, तिसरा टाका आता. इंजिन रडून राहिलं, तुम्हाला ऐकू काहून येत नाही?” मी चिडायचो, आणि तिसरा टाकायचो.

पण एका बाबतीत त्यांचं कधी चुकलं नव्हतं. रोज सकाळी आम्ही तिलवाऱ्याच्या घाटावर पोहायला जात असू. नर्मदेत मगरी आहेत, त्यामुळे कपडे काढण्याआधी काकाजी पायरीवर उभे राहून आधी म्हशी बघायचे. “म्हशी बसल्या आहेत. चलो, उतरा.” मगर जवळ असली तर म्हैस पाण्यात पाय ठेवत नाही, जनावराला सगळं समजतं, हा त्यांचा नियम. म्हशी काठावर असल्या तर आम्ही कोरडेच घरी यायचो. त्यांची एकुलती एक मुलगी याच पाण्यात, म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकली. काकाजी काठावरून तिला हात कसा मारायचा ते सांगत, आणि मधूनमधून म्हशीलाही.

ही मुलगी नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथे फळी घेऊन समुद्राच्या लाटांवर उभी राहू लागली. रविवारी सकाळी आम्ही घाटावर असताना तिचा फोन यायचा. ती नुकतीच पाण्यातून आलेली असायची. एकदा तिने फोनवर खडकावर लोळणारे सील दाखवले. काळे, तुकतुकीत, आळशी, पाण्यात उतरले की नुसती नाकपुडी वर. काकाजींचा चेहरा उजळला. “अरे, या तर म्हशीच आहेत, बेटा. आता मला फिकर नाही. त्या जिथं बसल्या असतील, तिथंच उतरायचं.” ती खूप हसली. मीही हसलो. त्यानंतर दर रविवारी तब्येतीच्या आधी ते विचारायचे, “म्हशी होत्या ना?”

मग एका रविवारी फोन तिच्या मैत्रिणीचा आला. सीलांच्या खडकाजवळ शार्क आला होता. सोबतच्या पोरांनी तिला ओढून काठावर आणलं म्हणून जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखालून गेला. काकाजी पायरीवर बसले. मग म्हणाले, “इतक्या म्हशी होत्या, मग तो तिथं आला काहून?” मी मूर्खासारखं फोनमध्ये शोधलं आणि वाचून दाखवलं, की सील हेच शार्कचं खाणं आहे, सील असतात तिथेच तो घुटमळतो. वाचायला नको होतं, हे मला वाचून झाल्यावर कळलं. “म्हणजे मीच तिला त्याच्या ताटात वाढली,” ते म्हणाले, आणि उठून गाडीत जाऊन बसले.

दवाखान्यातून मुलीने त्यांना परोपरीने सांगितलं, “बाबा, मी तुमचं कधी ऐकलं का? वहाँ लहर अच्छी थी, इसलिए गई. बस.” काकाजी “हो बेटा” म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून त्यांचं पोहणं सुटलं आणि बोलणंही. गल्लीत नळवाला उलटी तोटी बसवत होता. काकाजींनी पाहिलं आणि आत निघून गेले. कोणी रस्ता विचारला तर ते दार लोटून घेऊ लागले. ज्या सल्ल्यांना आम्ही इतकी वर्षं कंटाळलो, त्यांच्यावाचून घर इतकं ओकंबोकं होईल असं मला वाटलं नव्हतं.

या थंडीत मुलगी आली. कृत्रिम पाय लावून जिना चढली, माझ्याकडे चहा प्यायली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “भैया, तिलवाऱ्याला चलो. बाबांना पण घ्या.” घाटावर तिने पायरीवर बसून पाय काढला आणि माझ्याजवळ दिला. समोर सात-आठ म्हशी डोळे मिटून पाण्यात बसल्या होत्या. तिने त्या मोजल्यासारखं केलं आणि मान वर करून विचारलं, “बाबा, म्हशी बसल्या आहेत. उतरू ना?”

उत्तर तिला ठाऊक होतं. तिला ते त्यांच्या तोंडून, त्यांच्या जुन्या खणखणीत आवाजात हवं होतं. मलाही हवं होतं. काकाजींनी म्हशींकडे पाहिलं.

“मला माहीत नाही, बेटा,” ते म्हणाले.

मग ते अंगावरच्या कपड्यांनिशी, स्वेटरसकट, पाण्यात उतरले आणि छातीइतक्या पाण्यात खोल बाजूला उभे राहिले. मुलगी बसत बसत एकेक पायरी खाली गेली आणि पाण्यात शिरली. ती पोहत होती तेवढा वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते पाण्याकडे पाहत होते.

परतताना मी मुद्दाम गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. पुलापासून गावापर्यंत इंजिन रडत होतं. काकाजी माझ्या शेजारी ओल्या कपड्यांत बसले होते, आणि खिडकीबाहेर पाहत होते.