दुसऱ्या दमानंतर

मला एका जागी बसता येत नाही, हे माझ्या सासऱ्यांनी लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं. "सूनबाईच्या पायाले भिंगरी हाय," असं ते ओसरीवर येईल त्याला सांगायचे. खोटं नव्हतं. धनजच्या त्या घरात मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, भरलेला माठ रिकामा करून पुन्हा भरायची. नवरा गावच्या शाळेत मास्तर. त्यांनी आणलेली जुनी वर्तमानपत्रं वाचून झाली की माझी बेचैनी आणखी वाढायची. मी सातवी पास होते. पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. गावोगाव मुलींच्या शाळा निघत होत्या आणि शिकवायला बाई मिळत नव्हती. तरी घरात एवढी शिकलेली सून म्हणजे कौतुक कमी आणि पंचाईत जास्त.

नवऱ्याने गुपचूप माझा अर्ज धाडला होता. श्रावणात पत्र आलं. अमरावतीला शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी माझी निवड झाली होती. वर्षभर तिथेच बोर्डिंगात राहायचं आणि पोळ्यानंतरच्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं. नाही गेलं तर जागा दुसरीला. मी ते पत्र पिठाच्या डब्यामागे लपवलं आणि दिवसातून चारदा काढून वाचलं.

आता सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, विचारायचं होतं. नवरा म्हणाला, "तूच विचार. मले पाह्यलं का त्याईचा नकार आधीच तयार असते." हा माणूस वर्गात चाळीस पोरांना गप्प करायचा आणि बापासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

त्या घरात मामाजींना काही विचारायचं तर एक रीत होती. सकाळी औत जुंपायच्या आधी ते ओसरीवर चिलीम ओढत. पहिला दम जाईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. दुसरा दम ओढून त्यांनी डोळे मिटले की मग काय ते बोलायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणायच्या, "पह्यला दम चिलमीचा, दुसरा मानसाचा." बैल विकणं असो की पोरीचं लग्न, या घरातलं सगळं दुसऱ्या दमानंतर ठरलेलं. पण दुसरा दम नीट बसायला तमाखू नीट लागायची, आणि ती जपणाऱ्या आत्याबाई आदल्या हिवाळ्यात वारल्या होत्या. तेव्हापासून तमाखूचं गाडगं माझ्याकडे होतं.

तमाखूचं हे असं अवघड असतं, ते मला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात आत्याबाई ते गाडगं माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवत, एवढंच मी पाहिलेलं. त्यांच्यानंतर मीही तेच केलं, आणि श्रावणातही करत राहिले. बाहेर भिंतींना ओल सुटलेली, आणि मी शहाणी तमाखूला आणखी पाणी पाजतेय! पत्र आलं त्याच दिवशी फडकं सोडून बघते तर वरच्या थरावर पांढरी बुरशी. बुरशीचं काढून टाकलं आणि उरलेली तव्यावर टाकून कोरडी केली. दुसऱ्या दिवशी मामाजींनी एक दम ओढला, ठसकले, चिलीम उपडी केली. "हे तमाखू हाय का तुरीच्या तुराट्या?" एवढंच म्हणून औत घेऊन गेले. विचारायचं राहिलं.

माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट नाही जमली की मला तिचा रागच येतो. दुपारी घरात कुणी नसताना मी गोठ्यात बसले आणि मामाजींची जुनी, तोंड फुटलेली चिलीम स्वतः ओढून पाहिली. हसू नका. काय बिघडतं ते जिभेला कळल्याशिवाय हाताला कसं कळणार? कोरडी तमाखू भसकन पेटली, घसा पोळला आणि चव कळायच्या आत राख झाली. ओली ओढली तर निखारा चरचरून काळा पडला, गाल दुखेपर्यंत ओढलं तेव्हा तोंडात कडू पाणी आलं आणि जीभ बधिर झाली. खोकून खोकून माझी वाट लागली. गाय माझ्याकडे बघत रवंथ करत होती.

मग आठवलं, पावसाळ्यात आत्याबाई ज्वारीच्या कोठीत हात घालून काहीतरी काढत. तेव्हा वाटायचं, चोरून ठेवलेले चार पैसे असतील. मी ओल्या तमाखूची पुरचुंडी बांधली आणि कोठीत ज्वारीच्या पोटात खुपसली, म्हणजे कोरडं धान्य जास्तीची ओल ओढून घेईल. दुसऱ्या दिवशी ती मुठीत दाबली तर गोळा तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी दाबली, मूठ उघडली, तर गोळा हळूहळू, जागं होणाऱ्या लेकरासारखा सुटत गेला. चुरचुरला नाही, चिकटलाही नाही. गुळाचं दोन थेंब पाणी शिंपडलं, तळहाताने चोळली आणि गोठ्यात जाऊन एक दम घेतला. धूर गार लागला. आधी गुळाचा गोडवा आला आणि मागून तमाखूचा तिखटपणा. मी पोलक्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि एकटीच हसले.

सकाळी चिलीम भरून दिली. पहिला दम. मी दाराच्या चौकटीला धरून उभी, पाय आपोआप हलत होता. दुसरा दम. मामाजींनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"हे तिच्या हातची हाय," ते म्हणाले. "ते गेल्यापासून आज पह्यल्यांदा चिलीम लागली. आता बाई, तुले मी कुठीच जाऊ देत नाही."

मी तरीही विचारलं. पत्र समोर ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सरकारी शिक्का कळत होता. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. "घर कोन पाहीन? नाही."

झालं! ज्या हाताने तमाखू जमवली त्याच हाताने मी स्वतःला खुंट्याला बांधून घेतलं होतं. दिवसभर मी भांडी आपटली. सवाष्णीने असं करू नये, असं शेजारीण भिंतीवरून म्हणाली, तर तिलाही दोन शब्द सुनावले. आणि संध्याकाळी पुरचुंडी कोठीतून काढून गाडग्यात ओतली, वर ओंजळभर पाणी शिंपडलं. पुढे रोजच शिंपडत राहिले.

मामाजी रोज तीच ओली तमाखू ओढत. निखारा विझे, ते दुसरा मागत. गाल आत जात, खोकत, थुंकत, आणि काही म्हणजे काही बोलत नसत. मला वाटलं होतं ते ओरडतील, मग मीही ओरडेन. ते ओढतच राहिले आणि मी शिंपडतच राहिले. नवरा म्हणाला, "काहून त्याईचा जीव घेऊन राह्यली?" मी म्हटलं, "माझा कोण घेतंय ते दिसत नाही का?"

पोळा आला. बैल सजले, तोरणाखाली उभे राहिले, घरोघर पुरणपोळी खाऊन परतले. दुसरा दिवस रविवार, पोळ्याची कर. सोमवारी हजर व्हायचं तर त्याच दिवशी निघायला हवं होतं. मी सकाळपासून पत्राकडे पाहिलंही नव्हतं.

मामाजींनी ओसरीवरून हाक मारली. चिलीम हातात, विझलेली.

"तमाखूत पानी जास्त झालं."

"हो."

"चुकून का जानून?"

खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "जाणून," मी म्हटलं.

त्यांनी चिलमीत बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "तुया सासूनंबी असंच केलं होतं. तिची माय बिमार होती. माहेरी धाडा म्हने. मी म्हटलं, पेरनी होऊ दे. तिनं गाडग्यात पानी ओतलं. म्या महिनाभर ओली तमाखू पेली, पन जाय म्हटलं नाही. पेरनी झाल्यावर ते गेली, तं माय नव्हती." चिलीम त्यांनी खांबावर ठोकली. ओला चोथा खाली पडला. "त्याच्यानंतर तिनं एकबी दिवस तमाखू बिघडू देली नाही. मले वाटे, इसरली असीन."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"पेटी भर," ते म्हणाले.

"पण आज कर आहे. बैल जुंपता येत नाहीत."

"बैलाले आज सुट्टी हाय. मले नाही."

कारंज्याहून अमरावतीला जाणारी मोटार थांबायची तो फाटा गावापासून दोन कोस. माझी लोखंडी पेटी मामाजींनी डोक्यावर घेतली. नवरा वळकटी घेऊन मागे. करीच्या दिवशी सगळा गाव पारावर बसलेला. सुनेची पेटी डोक्यावर घेतलेला सासरा त्या गावाने कधी पाहिला नव्हता. "काहून जी, कुठी?" कुणीतरी विचारलं. "अमरावती. बाई शिकाले चालली," म्हणत ते थांबलेसुद्धा नाहीत. चिखलात त्यांचे जोडे रुतत होते. पेटी मला द्या असं मी तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही.

फाट्यावर लिंबाखाली ते टेकले आणि बटवा काढला. तमाखू तीच, मी भिजवलेली. ती वाळवायला वेळच मिळाला नव्हता, आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. काडीवर काडी गेली. नवऱ्याने हाताचा आडोसा धरला. चौथ्या काडीला कसाबसा एक दम आला, खोकला आला. मग त्यांनी जोर लावून दुसरा ओढला आणि डोळे मिटले.

दूर मोटारीचा आवाज येऊ लागला. मी उठले.

"सूनबाई," ते डोळे न उघडता म्हणाले, "एक इचारू का? दिवाळीले येशीन ना?"