उपटलेली पिसं
सीताबर्डीत भिंतीवर पत्रकं चिकटवताना खळीचा वास आला की मला शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं आणि डोकं सणकतं. माझ्या वर्गमैत्रिणीने कोंबड्याएवढा, मांस खाणारा डायनासोर बनवला होता. जीवाश्मांत पिसांचे ठसे सापडलेत, म्हणून वडिलांच्या चिकनच्या दुकानातली पिसं धुऊन, वाळवून तिने खळीने एकेक चिकटवली होती. टेबलावर सरस्वतीची तसबीर मांडायला आलेल्या मॅडम तिच्यावर ओरडल्या, "काहून वं, पूजेच्या जागी कोंबडीची पिसं?" ती म्हणाली, "मॅडम, याले खरंच पिसं होती." "उपट सारी, नाहीतर उचल अन् चालती हो!" तिने उपटली. तसबिरीत देवीशेजारी मोर होता, त्याच्या पिसांचा मात्र कोणालाच विटाळ नव्हता. मला ते तेव्हाच दिसलं होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. त्या बोडक्या डायनासोरला दुसरं बक्षीस जाहीर झालं. ते न घेताच ती पिसं कंपासपेटीत भरून घरी गेली, आणि मी निर्लज्जासारख्या टाळ्या वाजवत राहिलो. आज ‘गप्प का बसता?’ असं लोकांना दरडावणारी पत्रकं मीच लिहितो, पण तिच्या गल्लीत एकही चिकटवलेलं नाही.