भाऊजींचा शॉकअपवाला चिमटा

कापसाच्या बाबतीत माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला फसवू शकेल असा माणूस सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जन्माला आला नव्हता, आणि सायकलच्या बाबतीत त्यांना न फसवलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

भाऊजी नांदुऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी फाटकाशी आली की गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, खालचा कापूस वर काढायचा, सरकीवरचे चार धागे सोडवून दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे आणि डोळे मिटून आकडा सांगायचा, हे त्यांचं काम. अठ्ठावीस म्हणजे धागा अठ्ठावीस मिलिमीटर. ऑफिसात मोजायचं यंत्र होतं, पण मालक भाऊजींच्या आकड्यावरून यंत्र नीट चाललंय का ते बघत असत. या बोटांना ते जिवापलीकडे जपत. तंबाखू मळायची नाही, कारण चुन्यानं कातडी जाड होते. अंगठी घालायची नाही, लग्नातलीसुद्धा ताईला दिली, तिच्या बोटात दोन झाल्या. मोटारसायकलला तर हात लावायचा नाही, कारण पेट्रोलचा वास कापसाला लागतो. बाजारात वांगी घेतानाही ते आधी डोळे मिटत, आणि भाजीवाल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसत. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांचा हात त्यांनी हातात घेतला तो सोडीचनात. सासरे घामाघूम झाले. बाहेर आल्यावर भाऊजींनी निकाल दिला, "माणूस बरा हाय. ओल जरा जास्त हाय." पुढे प्रत्येक सणाला, प्रत्येक निरोपाला आणि एकदा तर बातम्या ऐकताना सासऱ्यांना हुंदके देताना पाहिलं, तेव्हा मला त्या निकालाची किंमत कळली.

मग ते वर्ष आलं. बीटी कापसाला अळी लागत नाही असं दहा-पंधरा वर्षं ऐकत आलेल्या लोकांनी दसऱ्याच्या सुमाराला हिरवी बोंडं फोडली, तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. फाटकावर येणाऱ्या गाड्यांत पांढऱ्यापेक्षा पिवळट जास्त. असल्या डागी, चिकटलेल्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. भाऊजी दिवसभर एकच शब्द बोलत, आणि तो ऐकून माणसं गाडी वळवून परत जात. 

एका दुपारी मोताळ्याकडून एक म्हातारा बैलगाडी घेऊन आला. पहाटेपासून चाललेला. भाऊजींनी हात घातला, धागा ओढला, म्हणाले, "बाबा, कवडी हाय. घेता नाही येत." म्हातारा भांडला नाही, रडला नाही. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, सगळा कापूस खाली ओतला, बैलांना पाणी पाजलं आणि रिकामी गाडी घेऊन गेला. वाऱ्यानं कापूस उडून संध्याकाळपर्यंत फाटकाच्या तारांना लटकत होता. भाऊजी तिथेच उभे. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मालकांनी माणूस पाठवला, त्याला भाऊजी म्हणाले, "माह्यावालं सांगणं तेच राहीन. पण थे फाटकात काऊन सांगाव? वावरात जाऊन सांगतो. निदान बैलाचे पाय तं वाचतीन."

आणि खरंच ते निघाले. वेचणीच्या आधी शेतात जायचं, कुठली बोंडं वेगळी वेचायची ते दाखवायचं, कवडी वेगळ्या गाठोड्यात बांधायला लावायची, धागा ओढून आकडा सांगायचा, म्हणजे माणूस फाटकात मान खाली घालून उभा राहणार नाही. यासाठी कुणी त्यांना नेमलं नव्हतं. घर ताईच्या शिवणमशीनवर आणि दोन एकर वावरावर चालायचं. ताई मला म्हणाली, "नोकरी सोडली थे समजलं रे. पण सायकल?"

सायकल बदली होऊन गेलेल्या एका साहेबानं मागे ठेवलेली, जाड टायरची, गियरची. भाऊजींना वाटलं, डोंगरात चालणारी आहे म्हणजे पांदणीतही चालेल. चालली. पण आमच्या पांदणी, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटा, पावसाळ्यात काळ्या चिखलाच्या असतात आणि नंतर त्या चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरणारी दोन पायांची दांडी, सरळ लोखंडी. प्रत्येक ठेचेचा झटका हँडलमधून थेट बोटांत. महिनाभरात भाऊजींच्या करंगळ्या बधिर झाल्या, मग शेजारची बोटं.

त्याच हिवाळ्यात ते एका गावी शोभाबाई नावाच्या शेतकरणीच्या घरी गेले. कापूस बघायला बोलावलं होतं नवऱ्यानं. भाऊजी पोचले तर अंगणात माणसं बसलेली, चूल थंड. नवरा आदल्या दिवशी गेला होता, तिशी-पस्तिशीचा. कसा गेला ते कुणी बोललं नाही, भाऊजींनी विचारलं नाही. तासभर बसले. मग उठून एकटेच शेतात गेले आणि दिवस मावळेपर्यंत कापूस वेचत राहिले, कारण बोंडं फुटून लोंबत होती आणि वेचायला कुणी नव्हतं. घरी आल्यावर मला फोन केला. मी खामगावला शाळेत कारकून. म्हणाले, "दिवसभर वेचला, पण हातात काय येऊन राह्यलं थे समजतच नव्हतं. मले शॉकअपवाला चिमटा पाह्यजे. बोटं गेली तं मी काय सांगू लोकायले?"

इथून झटके गिळणाऱ्या चिमट्याचा आमचा शोध सुरू झाला. मोताळ्यात सायकल दुरुस्त करणारे सलीमचाचा हे आमचे सल्लागार. त्यांनी एका चिठ्ठीवर चार अटी लिहून दिल्या, त्या भाऊजी वरच्या खिशात ठेवत आणि भेटेल त्याला वाचून दाखवत. चाक सव्वीस इंची. चिमट्याची वरची दांडी आट्यांची, कारण या सायकलचं डोकं आट्यांचं. रबरी ब्रेक बसवायला खुंट्या हव्यात, नुसता डिस्कवाला चालणार नाही. आणि चौथी, सगळ्यात मोठ्या अक्षरात, दबला पाहिजे आणि परत आला पाहिजे.

खामगावच्या दुकानात भाऊजींनी रांगेत लावलेल्या बारा सायकलींची हँडलं डोळे मिटून एकेक करून दाबली. दुकानदाराला वाटलं कुणी नवस बोलतंय, त्यानं आदरानं पंखा बंद केला. भाऊजींनी डोळे उघडून सांगितलं, "हे शॉकअप नाहीत, शॉकअपचे फोटो हायत." अकोल्याच्या दुकानदारानं हवेवर चालणारा महागडा चिमटा दाखवला. भाऊजींनी विचारलं, हवा गेली तर? तो म्हणाला, खास पंप मिळतो, पुण्याला. भाऊजी चिठ्ठी घडी करत म्हणाले, "कापसाच्या पऱ्हाटीत उभा राहून पुण्याले जाऊ काय बे?" मी संगणकावरून एक मागवला, तो गुळगुळीत दांडीचा निघाला. परत केला. दुसरा मागवला, त्याला खुंट्या नव्हत्या. तोही परत. कुरियरवाला ताईला विचारू लागला की तुमच्या घरी हे खोकं येतं आणि जातं, त्यात नेमकं काय असतं?

शेवटी सलीमचाचांच्या साडूनं जालन्याच्या भंगार बाजारात एक शोधला. स्प्रिंगचा, आट्यांचा, खुंट्यांचा. पण एक पाय गंजून जाम. चाचांनी तो खोलला, राखेनं घासला, ग्रीस भरलं, आणि हे सगळं तीन दिवस चाललं, कारण भाऊजी शेजारी बसून दर पाच मिनिटांनी दाबून बघत. "परत येते, पण मनातून येत नाही," ते म्हणायचे. चाचा हात जोडायचे, "भाऊ, लोखंड हाय हो, जवाई नाही!" तिसऱ्या दिवशी दुपारी तो मनातून परत आला. चाचांनी फी म्हणून भाऊजींकडून एकच गोष्ट मागितली, की आता दुकानात महिनाभर येऊ नका.

पहिली चक्कर मला मारायला लावली. गावाबाहेरच्या पांदणीतून मी जोरात गेलो आणि आलो. भाऊजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. "कसा वाटला?"

"काही जाणवलंच नाही, भाऊजी."

ते लहान मुलासारखे हसले. मी त्यांना तसं हसताना त्या वर्षात पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या वर्षीच्या वेचणीला ते सगळ्यात आधी शोभाबाईंच्या शेतात गेले. तिनं दिराच्या मदतीनं थोडा कापूस लावला होता. भाऊजींनी धागा ओढला, म्हणाले, "एकोणतीस. एक नंबर. न्या बिनधास्त." ती भाड्याच्या टेम्पोत कापूस घेऊन जिनिंगला गेली आणि फाटकातून परत आली. खालच्या थरात कवडी होती. ओल होती. भाऊजींच्या बोटांना यातलं काही कळलं नव्हतं.

ताईनं त्यांना ओढून खामगावला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली, तेही त्यांना कळलं नाही. साखर होती, बरीच वर्षं असावी. नसा तिनंच गेल्या होत्या. भाऊजींनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "सायकलनं नाही?" डॉक्टर म्हणाले, सायकलचा काय संबंध? त्यानं फार तर भर पडली असेल. बाहेर पायरीवर बसून भाऊजी बराच वेळ हात उलटसुलट करून बघत राहिले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, गोळ्यांनी फरक पडेल. ते म्हणाले, "म्या त्या बाईले फाटकात उभं केलं रे."

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो आणि ते लगेच तिच्या गावी निघाले, सायकलवरच. मीही मागून मोटारसायकलवर गेलो, वाटलं, ती काय बोलेल कोण जाणे. शोभाबाई अंगणात तोच परत आलेला कापूस पसरून निवडत होती. भाऊजी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बाई, माह्ये बोटं गेले. तुह्या कापसाचं म्या खोटं सांगतलं. आता कोणाले सांगू नको, की यायले कापसातलं समजते."

तिनं हातातली कवडी बाजूला टाकली. मग चार धागे सोडवून तिनं स्वतःच्या चिमटीत धरले. "बोटं गेले तं गेले. डोये तं हायत ना? मी ओढतो, तुमी सांगा चूक का बरोबर."

त्या दुपारी ती ओढत होती आणि भाऊजी धाग्याच्या जवळ तोंड नेऊन बघत होते, ओरडत होते, "वढू नको, धर! तुटू देऊ नको!" संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघी येऊन बसल्या. मोसम संपेपर्यंत त्या गावात सात-आठ बाया स्वतःचा कापूस स्वतः निवडून, धागा बघून नेऊ लागल्या. सगळ्यांचा घेतला जाई असं नाही. कापूसच वाईट असला तर बोटं काय करतील? पण कोणता परत येणार ते घरूनच ठाऊक असायचं.

गेल्या साली नांदुऱ्याला कामासाठी गेलो होतो. जिनिंगच्या फाटकाशी शोभाबाई दिसली. नवा ग्रेडर पोरगेलासा, पोत्यात हात घालणार इतक्यात ती म्हणाली, "कवडी अलग बांधली हाय साहेब, ह्या गाठोड्यात. बाकीचा अठ्ठावीस हाय." त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग धागा ओढला, आणि मान डोलावली.

मी तसाच ताईकडे गेलो. भाऊजी ओसरीवर होते. आता नजरही कमी झाली आहे, सायकल शोभाबाईच्या दिरानं नेली. मी घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

"अठ्ठावीस? तिच्या वावरात एकोणतीस निघते. एक कमी सांगते ती. भेते अजून."

ताईनं चहा आणला. भाऊजींनी कप दोन्ही तळव्यांत धरला, तो गरम आहे की नाही ते ताईच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवलं, आणि स्वतःशीच म्हणाले,

"पण सांगते."